पानाची खालची बाजू आणि संगणकाचे शिक्षण

मिरचीच्या पिकावर ‘चुरडा-मुरडा’ आला आहे, असे शेतकरी सांगतो तेव्हा त्या एका शब्दाआड निदान तीन वेगवेगळी कारणे दडलेली असू शकतात. फुलकिड्यांनी रस शोषला असेल तर पानाच्या कडा वरच्या बाजूला वळतात आणि पानाला होडीचा आकार येतो. पिवळ्या कोळ्यांचा उपद्रव असेल तर कडा खालच्या बाजूला वळतात व पानाचा देठ लांबलेला दिसतो. पांढऱ्या माशीने वाहून आणलेला विषाणू असेल तर शिरा जाडावतात, पाने लहान राहतात आणि झाड खुरटते. तिन्हींवरचे उपाय एक नाहीत. कोळी हा मुळी कीटकच नव्हे; तो आठ पायांचा प्राणी, आणि नेहमीच्या अनेक कीटकनाशकांना तो दाद देत नाही. उलट सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे वारंवार फवारली तर कोळ्यांना खाणारे मित्रकीटक आणि भक्षक कोळी आधी मरतात व उपद्रवी कोळ्यांची संख्या वाढते. विषाणूग्रस्त झाड तर कोणत्याच फवारणीने बरे होत नाही. म्हणून कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच एक सवय लावली जाते: पान उलटून पाहावे, आणि भिंगातून पाहावे.

शेतकऱ्याच्या हातातील मोबाइल पान उलटून पाहत नाही. त्याच्यासमोर जे धरले जाईल तेवढेच तो पाहतो आणि पूर्वी जे शिकवले गेले असेल त्याच्याशीच ते ताडतो. हा त्या यंत्राचा दोष म्हणता येणार नाही. यंत्राला काय दाखवावे, कोणती चित्रे देऊन शिकवावे आणि त्याच्या उत्तरावर कितपत विसंबावे हे ठरवणारा माणूस कोण, हा खरा प्रश्न आहे. पीकसंरक्षणात कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने झपाट्याने येत असताना आपल्या देशात चर्चा होते ती साधनांची. ती पारखण्याची जबाबदारी ज्याच्यावर येणार त्या कृषी पदवीधराला संगणकशास्त्र कसे शिकवले जाते, याची चर्चा जवळजवळ होत नाही. ही उपेक्षा महागात पडण्याजोगी आहे.

या क्षेत्रातील सर्वांत परिचित उदाहरण अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात सुरू झालेल्या ‘प्लांटव्हिलेज’ या उपक्रमाचे. त्याचे संस्थापक डेव्हिड ह्यूज आणि मार्सेल सालाते हे दोघेही मूळचे जीवशास्त्राकडचे. ह्यूज यांचे नाव कीटकशास्त्रात झाले ते मुंग्यांच्या वर्तनाचा ताबा घेणाऱ्या ऑफिओकॉर्डिसेप्स बुरशीवरील संशोधनामुळे. बुरशीची लागण झालेली मुंगी आपल्या वसाहतीपासून दूर जाते, पानाच्या खालच्या बाजूची शीर जबड्यात घट्ट धरते आणि तशीच मरते. सालाते हे साथरोगांच्या प्रसाराचे अभ्यासक. पिकांच्या रोगांचे ज्ञान सर्वांना विनामूल्य मिळावे या हेतूने या दोघांनी २०१५ मध्ये पानांची ५० हजारांहून अधिक छायाचित्रे कोणालाही वापरता येतील अशी खुली केली. पुढच्याच वर्षी शारदा प्रसन्न मोहंती यांच्यासह त्यांचा शोधनिबंध ‘फ्रंटियर्स इन प्लांट सायन्स’ या नियतकालिकात आला. १४ पिके, २६ रोग आणि ५४,३०६ छायाचित्रे यांच्या आधारे शिकवलेल्या संगणकीय प्रारूपाने, त्याच संचातून बाजूला ठेवलेली छायाचित्रे ओळखताना ९९.३५ टक्के अचूकता गाठली, असे त्यात नोंदले होते.

हा आकडा जगभर पोहोचला. त्याच निबंधातील दुसरा आकडा मात्र फारसा कोणाच्या स्मरणात राहिला नाही. वेगळ्या परिस्थितीत, वेगळ्या ठिकाणी घेतलेली छायाचित्रे याच प्रारूपापुढे ठेवली तेव्हा अचूकता ३१.४ टक्क्यांवर आली. लेखकांनी ही गोष्ट लपवली नाही, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण होय; वाचणाऱ्यांनी ती ओलांडून पुढे जावे, हे मात्र शिक्षणाच्या उणिवेचे लक्षण आहे. मूळ छायाचित्रांसाठी पाने झाडावरून तोडून करड्या किंवा काळ्या कागदावर ठेवली होती आणि उघड्यावर, भरपूर उजेडात त्यांची छायाचित्रे घेतली होती. शेतात पानामागे कागद नसतो; माती असते, शेजारचे झाड असते, सावली असते, कधी शेतकऱ्याचा अंगठा असतो. २०२२ मध्ये मेहमेत अलिकान नोयान या संशोधकाने एक साधी परीक्षा घेतली. त्याने पान पूर्णपणे वगळले आणि प्रत्येक छायाचित्राच्या पार्श्वभूमीतील फक्त ८ ठिपके संगणकाला दिले. तेवढ्यावर संगणकाने ४९ टक्के वेळा रोगाचे नाव बरोबर सांगितले. ३८ गटांतून डोळे झाकून एक निवडला तर यश सुमारे २.६ टक्के मिळते, हे ध्यानात घेतले म्हणजे या ४९ टक्क्यांचा अर्थ उलगडतो. पानाच्या जोडीला कागद आणि उजेड यांच्याही खुणा प्रारूपाच्या हाती लागत होत्या. एका रोगाची छायाचित्रे बहुधा एकाच बैठकीत, एकाच उजेडात घेतली जातात आणि संगणकाला तेवढे पुरते.

भारतीय कृषिसंशोधनाला हा धडा नवा वाटू नये. १९४०च्या दशकात पीक कापणी प्रयोगांतून उत्पादनाचा अंदाज कसा बांधावा यावर देशात मोठा वाद झाला होता. प्रशांतचंद्र महालनोबिस लहान आकाराच्या तुकड्यांच्या बाजूचे होते. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी दाखवून दिले की लहान तुकड्यांतून उत्पादन प्रत्यक्षाहून अधिक दिसते. याचे कारण गणितात नव्हते. ते माणसाच्या हातात होते. कडेवरचे झाड आत धरावे की बाहेर, असा संशय आला की मोजणाऱ्याचा कल ते आत धरण्याकडे असतो, आणि तुकडा जितका लहान तितकी कड क्षेत्राच्या मानाने मोठी. प्रारूप निर्दोष असूनही माहिती गोळा करण्याच्या रीतीतून चूक आत शिरते. सुखात्मे यांना ती दिसली, कारण संख्याशास्त्र आणि शेताचा बांध या दोन्हींशी त्यांचा परिचय होता.

प्लांटव्हिलेजच्या त्या संचाकडे कीटकशास्त्राच्या नजरेने पाहिले तर आणखी एक गोष्ट खटकते. २६ रोगांपैकी १७ बुरशीजन्य, ४ जिवाणूजन्य, २ बुरशीसदृश जीवांमुळे होणारे, २ विषाणूजन्य, आणि उरलेला एक कोळ्यामुळे होणारा. कीटक एकही नाही. संचाचे प्रयोजनच रोगनिदान हे होते, म्हणून त्यावर टीका करणे अन्यायाचे ठरेल. परंतु ‘पिकाचा फोटो काढा, उपाय मिळवा’ ही कल्पना ज्या यशावर उभी राहिली, त्या यशात कीटकांचा वाटा नव्हता याची आठवण ठेवली पाहिजे. रोगाचा डाग पानावर स्थिर राहतो. कीटक उडतो, लपतो, रात्री खातो, दिवसा मातीत जातो. कपाशीवरील गुलाबी बोंडअळी तर अंड्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात बोंडात शिरते आणि शिरण्याचे छिद्रही बुजून जाते. बोंड बाहेरून हिरवेगार दिसते. ते फोडून पाहिल्याशिवाय अळी दिसत नाही. फुलांत शिरली असेल तर पाकळ्या चिकटून डोमकळी होते, ती ओळखता येते; पण केवळ पानाच्या छायाचित्रावरून या किडीबद्दल काहीही सांगणे शक्य नाही, मग संगणक कितीही प्रगत असो.

याच किडीच्या बाबतीत भारतात प्रश्न योग्य रीतीने मांडल्याचे उदाहरणही आहे. ‘वाधवानी एआय’ या संस्थेने कपाशीसाठी जे साधन तयार केले त्यात पानाचे छायाचित्र घेतले जात नाही. कामगंध सापळ्यात अडकलेल्या पतंगांचे छायाचित्र घ्यायचे, संगणकाने ते मोजायचे आणि ती संख्या आर्थिक नुकसानीच्या पातळीशी ताडून सल्ला द्यायचा, अशी त्याची रचना. सलग ३ रात्री दर सापळ्यामागे ८ पतंग, ही पातळी कीटकशास्त्रज्ञांनी पूर्वीच ठरवलेली होती. संगणकाकडे सोपवले गेले ते केवळ ओळखण्याचे आणि मोजण्याचे काम, जे तो चांगले करू शकतो. कोणत्या जागी कोणते काम सोपवायचे, हा विवेक संगणकशास्त्राच्या एकट्या पुस्तकातून येत नाही आणि कीटकशास्त्राच्या एकट्या पुस्तकातूनही येत नाही.

याहून गंभीर बाब म्हणजे नव्या किडीची. ज्या प्रारूपाला ३८ नावे शिकवली आहेत ते समोर काहीही आले तरी त्या ३८ पैकीच एक नाव सांगते. ‘हे मला ठाऊक नाही’ असे म्हणण्याची सोय त्यात मुद्दाम करावी लागते, आणि ती अनेकदा केलेली नसते. मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा भागात मक्यावर अमेरिकन लष्करी अळी प्रथम आढळली. त्या क्षणी देशातील कोणत्याही माहितीसंचात तिचे भारतीय शेतातील चित्र असणे अशक्य होते. मिरचीवरील थ्रिप्स पार्व्हिस्पायनस या फुलकिड्याची कथा अधिक बोलकी आहे. भारतात त्याची पहिली नोंद २०१५ मध्ये बंगळुरू येथे पपईवर झाली, आणि २०२१ मध्ये त्याने आंध्र प्रदेश व तेलंगणातील मिरची उत्पादकांना हवालदिल केले. नेहमीचा फुलकिडा कोवळ्या पानांवर असतो; हा मोठ्या संख्येने फुलांत राहतो. पानाच्या वळणावरून फुलकिडे ओळखायला शिकलेले प्रारूप इथे एक तर गप्प बसेल किंवा आत्मविश्वासाने चुकीचे नाव सांगेल. अशा वेळी फूल हातावर झटकून काळसर बारीक किडे पाहणारा आणि ‘हे काही वेगळे दिसते’ असे म्हणून नमुना प्रयोगशाळेत पाठवणारा कृषी पदवीधरच उपयोगाला येतो.

चुकीच्या नावाची किंमत केवळ वाया गेलेल्या औषधापुरती नसते. २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या घटनेला अनेक कारणे होती आणि तिचा संबंध कोणत्याही मोबाइल साधनाशी जोडणे खोटेपणाचे होईल. मात्र प्रत्येक अनावश्यक फवारणीमागे पाठीवर पंप घेतलेला एक माणूस असतो. निदानाची अचूकता ही शोधनिबंधातील टक्केवारीपुरती बाब नाही, एवढे त्या खरिपाने दाखवून दिले.

याच प्लांटव्हिलेज उपक्रमाने पुढे काय केले हे पाहण्यासारखे आहे. आफ्रिकेतील शेतकऱ्यांसाठी, आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेच्या सहकार्याने, ‘नुरू’ नावाचे साधन तयार करण्यात आले. स्वाहिली भाषेत नुरू म्हणजे प्रकाश. ‘नूर’ हा शब्द ज्याला ठाऊक आहे त्याला हे सांगावे लागणार नाही. ते साधन इंटरनेटशिवाय चालते आणि कसाव्यावरील विषाणूजन्य रोग ओळखते. कसावा म्हणजे ज्याच्या कंदापासून साबुदाणा तयार होतो ते पीक. तमिळनाडू आणि केरळातही त्यावर केवडा रोग येतो. नुरूची प्रत्यक्ष शेतात परीक्षा घेऊन २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका पानावरून नुरूची अचूकता ६५ टक्के भरली. कृषी विस्तार कार्यकर्त्यांची ४० ते ५८ टक्के आणि शेतकऱ्यांची १८ ते ३१ टक्के होती. आकडे ९९ च्या जवळपासही नाहीत, पण ते खऱ्या शेतातले आहेत. पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. दर झाडावरील एकाऐवजी ६ पाने तपासली तर नुरूची अचूकता ७४ ते ८८ टक्क्यांपर्यंत वाढत होती. प्रारूप तेच, मोबाइल तोच. वाढ झाली ती नमुना घेण्याच्या पद्धतीमुळे. एका पानावरून झाडाचा आणि एका झाडावरून शेताचा निकाल देऊ नये, हे सर्वेक्षणाचे जुने सूत्र आहे, आणि ते वनस्पतिशास्त्राच्या बाजूने संगणकाला मिळाले.

सालाते यांच्या कार्याची दुसरी बाजू कृषिक्षेत्रात फारशी चर्चिली जात नाही. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविज्ञान संस्थेत गेल्यावर त्यांनी तिथे एक्स्टेन्शन स्कूल उभारले. नोकरी-व्यवसायात असलेल्या, संगणकाची पार्श्वभूमी नसलेल्या लोकांना प्रोग्रॅमिंग आणि विदाविज्ञान घरबसल्या शिकता यावे, हा त्याचा हेतू. मोहंती आणि सालाते यांनी पानांची छायाचित्रे खुल्या स्पर्धेसाठीही ठेवली, म्हणजे शिकणाऱ्याला खरा प्रश्न हाताळायला मिळावा. वनस्पतींच्या रोगांवर संशोधन करणारा प्राध्यापक संगणकशिक्षणाकडे वळतो, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. साधन तयार केल्यावर ते वापरणारी आणि त्यातील दोष काढणारी माणसे तयार केली नाहीत तर काम अर्धेच राहते, हे त्या क्षेत्रात काम करणाऱ्याला लवकर कळते.

संगणकशास्त्र कसे शिकवावे हाही आता संशोधनाचा स्वतंत्र विषय आहे, आणि त्यातील एक निष्कर्ष कृषी विद्यापीठांच्या थेट उपयोगाचा आहे. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेने १९९९ पासून सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना संगणकशास्त्राचा एक अभ्यासक्रम सक्तीचा केला. मानव्यविद्या, वास्तुशास्त्र, व्यवस्थापन या शाखांचे विद्यार्थी त्यात मोठ्या संख्येने नापास होऊ लागले किंवा मध्येच सोडू लागले. २००३ मध्ये मार्क गझ्डायल यांनी त्यांच्यासाठी निराळा अभ्यासक्रम सुरू केला. विषय तेच: चल, अट, पुनरावृत्ती. उदाहरणे मात्र छायाचित्रांची आणि ध्वनीची. छायाचित्र हा ठिपक्यांचा तक्ता आहे, प्रत्येक ठिपक्याला तीन रंगांचे आकडे आहेत, आणि त्या आकड्यांवरून फिरणारी पुनरावृत्ती लिहिली की चित्र बदलते, हे विद्यार्थ्याला डोळ्यांनी दिसू लागले. उत्तीर्णांचे प्रमाण लक्षणीय वाढले. संदर्भ दिल्याने विद्यार्थी टिकतात याचा पुरावा भक्कम आहे, ते अधिक खोलवर शिकतात याचा तेवढा नाही, अशी सावध भूमिका खुद्द गझ्डायल यांनीच पुढे घेतली. ती सावधगिरी इथेही पाळावी.

भारतातील कृषी पदवी अभ्यासक्रमात संगणक नाही असे कोणी म्हणू नये. पाचव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशीनुसार कृषी माहितीशास्त्राचा अभ्यासक्रम आला. सहाव्या समितीने नव्या शैक्षणिक धोरणाशी मेळ घालून २०२४-२५ पासून रचना पुन्हा बदलली. प्रश्न आहे तो हा विषय वर्गात कसा उतरतो याचा. पुष्कळ ठिकाणी तो संगणकाचे भाग, कागदपत्रे टंकलिखित करणे, तक्ते करणे आणि काही संकेतस्थळांची नावे पाठ करणे एवढ्यावर आटोपतो. तो शिकवणारा शिक्षक शेजारच्या इमारतीतील कीटकशास्त्र विभागात सहसा जात नाही, आणि कीटकशास्त्राचा प्राध्यापक संगणकाच्या तासाला ‘आपला नव्हे’ असे समजतो. विद्यार्थी दोन्ही परीक्षा उत्तीर्ण होतो. त्या दोन विषयांचा परस्परांशी काही संबंध आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

वास्तविक कीटकशास्त्रात संगणकीय विचार शिकवण्यासाठी तयार असे साहित्य भरपूर आहे. अळीने कुरतडलेल्या पानाचे छायाचित्र घ्यावे आणि किती टक्के क्षेत्र खाल्ले गेले हे ठिपके मोजून काढावे, हा पहिल्या सत्रातला अभ्यास होऊ शकतो. पानाच्या मध्यभागी छिद्रे असतील तर काम सोपे. अळीने कडेकडून खाल्ले असेल तर मूळ कड कुठे होती हे संगणकाला कसे कळणार? येथे विद्यार्थ्याला थांबून विचार करावा लागतो, त्या पिकाच्या पानाचा आकार आठवावा लागतो, गृहीतक मांडावे लागते आणि ते लिहून ठेवावे लागते. क्रमिक नमुना पद्धती हे दुसरे उदाहरण. शेतात एकेक झाड तपासत जायचे, किडींची बेरीज करत जायची, आणि बेरीज वरच्या मर्यादेपलीकडे गेली की ‘फवारणी करा’, खालच्या मर्यादेखाली राहिली की ‘नको’, दोन्हींच्या मध्ये असेल तर पुढचे झाड. थांबण्याची अट असलेली पुनरावृत्ती याहून चांगल्या रीतीने शिकवता येईल असे वाटत नाही. आणि हे शिकलेला विद्यार्थी पुढे शेतात उगाच शंभर झाडे मोजत बसत नाही.

गुलाबी बोंडअळीच्या पातळीचा नियम तर चार-पाच ओळींच्या प्रोग्रॅममध्ये बसतो. सलग ३ रात्री ८ पतंग. म्हणजे मोजणी हवी, सलगपणाची आठवण हवी, साखळी तुटली की पुन्हा शून्यापासून आरंभ हवा. मग शिक्षकाने विचारावे: दुसऱ्या रात्री मुसळधार पाऊस झाला आणि सापळा पाहायला कोणी गेलेच नाही, तर त्या रात्रीच्या रकान्यात काय लिहायचे? पुष्कळांचा हात शून्य लिहिण्याकडे जातो. शून्य म्हणजे सापळा पाहिला आणि पतंग नव्हता. रिकामी जागा म्हणजे सापळा पाहिलाच नाही. या दोहोंतील फरक न कळल्यामुळे सलगता मोडते, इशारा दिला जात नाही, आणि तोवर अळी बोंडात शिरलेली असते. सर्वेक्षणाच्या माहितीत असे किती शून्य प्रत्यक्षात रिकाम्या जागा असतील, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. हा भेद एकदा प्रोग्रॅम चुकल्यावर शिकलेला विद्यार्थी तो विसरत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. आधी संगणकभाषा नीट शिकवा, उपयोग नंतर आपोआप होईल, हा पहिला. हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण जॉर्जिया टेकमधील अनुभव त्याच्या बाजूने नाही. ज्याला उपयोग दिसत नाही तो ‘नंतर’पर्यंत पोहोचतच नाही. दुसरा आक्षेप असा की साधने आता इतकी सोपी झाली आहेत की कृषी पदवीधराला प्रोग्रॅम लिहिण्याची गरजच उरलेली नाही. संगणकच तो लिहून देतो. हे बऱ्याच अंशी खरे आहे. तथापि लिहून दिलेला प्रोग्रॅम बरोबर आहे की नाही हे तपासणाऱ्याला, रिकाम्या रकान्यात काय धरले आहे हे विचारता आले पाहिजे. लिहिण्याचे श्रम कमी झाले म्हणून पारखण्याची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते.

अडचण खरी आहे ती शिक्षकाची. दोन शास्त्रांच्या सीमेवर काम करणाऱ्या अध्यापकाला कोणत्या विभागात बसवावे, हे विद्यापीठांना ठरवता येत नाही. पदाच्या जाहिरातीत एकाच विषयाची पदवी मागितलेली असते. त्याचा संगणकशिक्षणावरील शोधनिबंध कीटकशास्त्राच्या समितीला आपला वाटत नाही, आणि किडींवरचा निबंध संगणकाच्या समितीला. बढतीच्या वेळी दोन्ही बाजूंनी तो अर्धाच मोजला जातो. विनायक गोविंद पानसे यांचे उदाहरण या संदर्भात आठवावे. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत कापसाच्या पैदाशीवर काम केलेला हा माणूस पुढे देशाच्या कृषी संख्याशास्त्राचा आधार झाला. सुखात्मे यांच्यासह त्यांनी लिहिलेले कृषी कार्यकर्त्यांसाठीच्या संख्याशास्त्रीय पद्धतींवरचे पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केले आणि अनेक पिढ्यांनी ते वापरले. पुस्तकाच्या नावातच ते कोणासाठी आहे हे सांगितले होते: संख्याशास्त्रज्ञांसाठी नव्हे, कृषी कार्यकर्त्यांसाठी. संगणकशास्त्राच्या बाबतीत तसे पुस्तक अद्याप मराठीत नाही. ज्या भाषांत शेतकरी किडींना नावे देतो त्या भाषांत ते व्हायला हवे. कारण ‘चुरडा-मुरडा’ या एका नावाखाली संगणकाने तीन गट करावेत की एक, हा प्रश्न त्या भाषेतच प्रथम उभा राहतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली सुरू केली. ६१ पिके आणि ४०० हून अधिक किडी तिच्या कक्षेत आहेत. शेतकरी व विस्तार कार्यकर्ते छायाचित्रे पाठवू लागले आहेत, आणि या मार्गाने जमणारा संग्रह पुढील काळात प्रारूपांचे खाद्य ठरेल. तो संग्रह करड्या कागदावरच्या पानांसारखा होऊ द्यायचा नसेल तर सुरुवात करण्याची जागा आधीच उपलब्ध आहे. ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी अंतिम वर्षाचे विद्यार्थी एक सत्र खेड्यात असतात. पदवीच्या काळात प्रत्येकाने कीटकसंग्रहाची पेटीही केलेली असते, आणि त्या पेटीतील प्रत्येक टाचणीखाली चिठ्ठी असते: ठिकाण, तारीख, यजमान पीक, गोळा करणाऱ्याचे नाव. चिठ्ठी नसलेला कीटक संग्रहात घेतला जात नाही. हाच नियम छायाचित्राला लावावा. ठिकाण, तारीख, पिकाची अवस्था, पानाच्या वरच्या बाजूचे एक चित्र, खालच्या बाजूचे एक, आणि भिंगाखाली किंवा प्रयोगशाळेत निश्चित केलेले किडीचे नाव. नाव निश्चित झाले नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. एका जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी जमवलेल्या चित्रांवर प्रारूप शिकवावे आणि दुसऱ्या जिल्ह्यातील, दुसऱ्या हंगामातील चित्रांवर त्याची परीक्षा घ्यावी. त्या परीक्षेचा निकाल पुढच्या तुकडीला पहिल्याच तासाला दाखवावा, तो कितीही कमी आला तरी.